सलोमीबाईंचा डावा पाय

मंडळी, जरा पुढे सरकून बसा, माझा आवाज मुळातच लहान. एक विचारते, उत्तर मनातच द्या. प्रभूचा शिष्य कोण? जो प्रभूसाठी राबतो, तो? की जो प्रभूला आपल्यासाठी राबू देतो, तो?

घाई नको. आधी सलोमीबाईंकडे जाऊन येऊ!

नगरकडचं, पाण्याचे हाल असलेलं गाव. सलोमीबाई म्हणजे नेमाची बाई. ईस्टरआधीच्या उपासकाळाचे चाळीस दिवस – दिवस मावळल्यावर एक भाकरी, बस! गावात कुणी आजारी पडलं की ह्या हजर. पण ह्यांना कुणी पेलाभर पाणी आणून दिलं, तर – "ठेव तिथं. मला हात आहेत."

अशा बाईंच्या डाव्या पायात बाभळीचा काटा मोडला. त्यात साखरेचा आजार. जखम चिघळली – पण दुखेना! बाईंना वाटलं, बरी होतेय. सून हन्ना म्हणाली, "आत्याबाई, वास येतोय. दवाखान्यात चला."

"आणि डॉक्टर म्हणाला वेळेवर खा, तर? तीस वर्षांचा उपास मोडू? देवळातल्या पाळकांना सांगशील तर माझ्याशी गाठ आहे!"

बाई मोजा चढवून मोकळ्या.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आधीचा गुरुवार आला. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. बारा जण बाकावर बसतात, पाळक त्यांचे पाय धुतात. आता गंमत ऐका – बाराही जण घरून पाय घासून येतात! साबण, वजरी, वरून खोबरेल! हसताय? आपण तरी रविवारी देवळात काय नेतो? घासूनपुसूनच नेतो ना सगळं? मीही रोजचे नेम पाळते, मलाही हे लागू आहे.

तिथला रिवाज – फक्त उजवा पाय धुवायचा. म्हणून तर त्या बारांत बसलेल्या सलोमीबाई निर्धास्त! उजवा पाय पुढे, डावा बाकाखाली.

पाळक ओबेद साळवे साठीचे, गुडघे धरलेले. कण्हत खाली बसले, उजवा पाय धुतला, पुसला. पण उठेनात. मोज्यावर दोन माश्या बसल्या होत्या.

"सलोमीबाई, आता दुसरा."

"एकच धुतात, पाळकसाहेब."

"तो रिवाज दुष्काळात पडला, बाई. एका घागरीत बारा जण उरकायचे होते. प्रभूनं एकच पाय नव्हता धुतला."

"नको! तुम्ही नाही हात लावायचा."

"पेत्रही असंच म्हणाला होता."

मंडळी, बाईंचं तोंड उतरलं. पेत्राला प्रभू काय म्हणाला, ते त्यांना पाठ होतं – मला धुऊ दिलं नाहीस, तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही! कितीदा दुसऱ्यांना वाचून दाखवलं होतं! आता वाटलं, सगळं देऊळ बघतंय. वास सुटेल. उपास जाईल. लोक म्हणतील, सलोमीबाई गळाली!

पाळकांनी मोज्याला हात लावला नाही. नुसते थांबले. ओल्या हातांवरून पाणी ठिबकत होतं.

बाईंनी स्वतः मोजा काढला.

पाळकांनी नाकाला रुमाल लावला नाही हो! वरून अलगद पाणी सोडलं, स्वच्छ कापड गुंडाळलं आणि हाक मारली, "हन्ना, गाडी बघ!"

पायाची दोन बोटं गेली. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर उशीर झाला असता तर पाय गुडघ्यापासून गेला असता.

शुक्रवारी सकाळी दवाखान्यात हन्ना खाटेशी उपमा घेऊन उभी. "गोळीच्या आधी खायचंय."

"आज? प्रभूच्या मरणाच्या दिवशी? ठेव तिथं. मला हात –"

बाई थांबल्या. हाताला सलाईन होतं. क्षणभर सुनेकडे पाहिलं आणि डोळे मिटून, लहान लेकरासारखं तोंड उघडलं.

गालांवरून पाणी वाहत होतं, आणि बाई खात होत्या. उपास मोडला, मंडळी! पण मला विचाराल, तर तीस वर्षं सेवा करणारी ती बाई शिष्य झाली ती त्या घासाला.

आपला वधस्तंभ उचलायला आपण सगळे तयार. पण घरचं माणूस म्हणतं, "दाखव पाहू, काय झालंय?" – तेव्हा आपण काय म्हणतो? "काही नाही." हो ना?

आज घरी जाल, कुणीतरी विचारेल. तेव्हा तेवढं म्हणू नका.

आमेन.