कांतिकाकांचा ओटा

आमच्या वसंताची कलासेवा सांगितली का तुम्हाला? डिंडोलीला राहायचा, मिलमध्ये साड्यांची डिझाइनं काढायचा. रविवारी मात्र थोर कलावंत! सुरतेच्या जुन्या चौकातली लाकडी घरं कागदावर उतरवायची आणि त्यांची चित्रं छापून विकायची, हा नाद.

तेव्हा पालिका रस्ते रुंद करायला पाडापाडी करत होती. नेमका अशा दिवसांत हा पठ्ठ्या एक डोळा मिटून, पेन्सिल हातभर पुढे धरून घरं मापत बसला. समोरचे कांतिकाका दुकान सोडून धावले.

"साहेब, पहेले चाय लो. माझा ओटा किती जाणार?"

"काका, मी चित्र काढतोय."

"हो, सगळे साहेब असंच सांगतात. कागदावरचा तेवढा ओटा पुसा ना भाई, म्हणजे पाडापाडीतून सुटेल!"

फाफडा आला, जिलेबी आली. मी शेजारीच बसलो होतो, म्हणून मलाही आली. तिसऱ्या जिलेबीला वसंताची कलानिष्ठा विरघळली आणि त्याने ओटा खोडरबराने साफ पुसला.

महिन्याभरात पालिकेने खरा ओटाही पाडला. काका कचेरीत गेले.

"साहेब, आजोबांच्या वेळचा ओटा होता. परत बांधू द्या!"

साहेबांनी भिंतीवरची चौकट दाखवली. वसंताचंच छापील चित्र, हौसेने विकत घेतलेलं.

"हे तुमचंच घर ना? यात ओटा कुठाय?"

काकांनी वसंताशी बोलणं टाकलं. वसंता मात्र अजून छाती फुगवून सांगतो, "घर बघा आणि माझं चित्र बघा. अगदी हुबेहूब!"