ड्यूक आस्कानियोच्या पराक्रमाचे पडदे

घोडा नको. एकाही पडद्यावर आम्हाला घोड्यावर बसलेलं रंगवू नका, हे आम्ही काल— नाही, काल तुम्ही वर किल्ल्यावर होतात— परवाच सांगितलं होतं. आमच्या वडिलांना त्यांच्या अंत्यविधीच्या अकरापैकी सहा पडद्यांत घोड्यावर बसवलं होतं, आणि अख्ख्या कास्तेलरोव्होला ठाऊक होतं की ते घोड्याच्या जवळसुद्धा जात नसत. लोक शोक करायचा सोडून एकमेकांना कोपरानं ढोसत होते, आम्ही स्वतः पाहिलं. त्या खुर्चीत नका बसू, तिचा पाय— हां, ती दुसरी. बसा. आणि ती कागदांची गुंडाळी राहू द्या मांडीवर, बघतो सावकाश. तुम्हा बोलोन्याच्या चित्रकारांना नेहमी कुठेतरी पोचायचं असतं. आम्ही आधीच पोचलेलो असतो.

नाही, आधी आमचं ऐका, मग तुमचं. हे पडदे खरं तर मागे राहिलेल्यानं करून घ्यायचे असतात. ड्यूक मेला की चर्चच्या खांबाखांबांमध्ये त्याचे पराक्रम टांगायचे, सगळं काळ्या-पांढऱ्या रंगात, म्हणजे दुःख दिसतं आणि रंगही स्वस्तातला चालतो. लोकांनी एकेक पडदा बघत शवपेटीपाशी यायचं आणि म्हणायचं, केवढा माणूस गेला. रीत चांगली आहे. पण आमच्या मागे हे करणार कोण? मुलगा कामिल्लो वर किल्ल्यात. उरला पुतण्या, लेलियो. तो आमच्या वडिलांचेच जुने पडदे झटकून परत टांगेल आणि म्हणेल, कुटुंबात साम्य असतंच. म्हणून आम्ही जिवंतपणीच करून घेतोय. यात अशुभ काय? आमची शवपेटीही तयार आहे, अक्रोडाची, हा गौदेन्झियो तिच्यात सध्या सफरचंदं ठेवतो— हाच, दारात उभा आहे तो. तीस वर्षं आमचे कपडे काढतोय-घालतोय, पण आज बघावं तर चेहरा असा की जणू सफरचंदं किडली. काल संध्याकाळपासून तसाच आहे.

तर पहिला पडदा, जन्म. आम्ही जन्मलो त्या रात्री आकाशात तेज दिसलं, ते काढा. गवताची वखार जळत होती, पण तेज ते तेज. दुसरा, लग्न. व्हिओलांतेला जरा उंच काढा, तिला आवडलं असतं. तिचं हसू मात्र काढू नका, ते चर्चमध्ये शोभणार नाही. ती हसायला लागली की थांबायचीच नाही. जेवताना कुणी काही बोललं की ही आधी नाकातून फुसकन— जाऊ दे. कामिल्लोही अगदी तसाच. नाक, हसू, सगळं आईचं. आमचं त्यानं काही घेतलंच नाही, एक हट्ट सोडून.

तिसरा पूल. पूल दाखवायलाच हवा, आमच्या कारकिर्दीतलं तेवढंच काय ते दगडाचं आहे. येताना दिसला असेल तुम्हाला, शेतात. हो, शेतातच. बांधायला घेतला तेव्हा नदी तिथेच होती. कामिल्लो तेव्हा लहान होता, दिवसभर नदीवर वाम पकडत बसायचा. पायाभरणीच्या दिवशी सगळे उभे असताना माझा हात ओढून म्हणतो, बाबा, नदी या अंगानं सरकतेय, मासेसुद्धा तिकडे गेलेत. मी म्हटलं, गप्प उभा राहा, पाहुणे बघतायत. पुढच्या वसंतात पूर आला आणि नदी निघून गेली. पूल राहिला. मजबूत आहे, बरं का, एक दगड हललेला नाही. उन्हाळ्यात गुरं बसतात खाली. तुम्ही काढाल तेव्हा पाणी काढा. तेवढं पाणी रंगवायला तुमच्या हाताला काही जड नाही.

घसा कोरडा पडलाय का? मघापासून खाकरताय. गौदेन्झियो, वाईन दे यांना. नाही नको काय, घ्या. घ्या आणि ऐका, कारण चौथा पडदा मुख्य आहे. धुक्याची लढाई.

ही तुम्हाला नीट सांगतो, कारण गावात कुणाला विचारलंत तर भलतंच कळेल. व्हाल्दोराचा ड्यूक, आमचा शेजारी, कालव्याच्या पाण्यावरून आमच्याशी भांडला होता. नोव्हेंबरात तोफा-बिफा घेऊन निघाला. आता नोव्हेंबरात इथं कसलं धुकं पडतं ते तुम्हाला— स्वतःचा हात दिसत नाही. तो आला आणि त्याला गाव सापडेना. तीन दिवस शोधत होता. आमच्या घंटांच्या आवाजावर येईल म्हणाल, तर घंटा बंद होत्या. तो आमचा हुकूम. म्हणजे घंटा वाजवणारा तापानं पडला होता, पण त्याच्या जागी दुसरा नेमला नाही, ते आम्हीच की नाही? शेवटी तो आम्हाला ओलांडून पुढे गेला, आणि पलीकडच्या एका मठालाच कास्तेलरोव्हो समजून वेढा घातला. मठातल्या साधूंनी शरणागती पत्करली. त्यांना वाटलं, आपण कुणाचे तरी शत्रू असू. तो विजयाचा जयघोष करत घरी गेला. आम्हीही जयघोष केला. दोन्ही बाजू जिंकल्या अशी दुसरी लढाई तुम्ही ऐकली आहे का? एक माणूस मेला नाही. आम्हाला विचाराल तर त्याचाच पडदा व्हायला हवा, पण न मेलेली माणसं चित्रात कशी दाखवणार.

मग दरवर्षी त्या दिवशी चर्चमध्ये आभाराची प्रार्थना सुरू झाली. प्रवचन आमच्या पाद्र्याचं, डॉन प्रोस्पेरोचं. पहिल्या वर्षी म्हणाला, ड्यूकनी तलवारीला हात घातला. दुसऱ्या वर्षी तलवार उपसली. पुढे पुढे तिनं माणसं कापायला सुरुवात केली. आम्ही थांबवलं नाही, म्हातारा माणूस, त्याला तेवढाच विरंगुळा. तर चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मिलानच्या स्पॅनिश सुभेदारानं आपला माणूस पाठवलेला, पहिल्या रांगेत बसवलेला, मखमलीची उशी देऊन. आणि डॉन प्रोस्पेरो हात वर करून म्हणाला, ड्यूक आस्कानियोच्या तलवारीच्या एका घावासरशी धुकं मधोमध दुभंगलं आणि त्याचे दोन तुकडे भुईवर पडले.

कामिल्लो हसला. मोठ्यानं नाही. आधी नाकातून. मग थांबवायला बघत होता, बिचाऱ्यानं खूप प्रयत्न केला, रुमाल चावला, पण चर्चमध्ये हसू दाबलं की काय होतं ते तुम्हालाही माहीत असेल— मग मागच्या बाकावरचे हसले, मग बायका, मग गाणारी पोरं, आणि शेवटी तो स्पॅनिश माणूस, त्याला तर आमची भाषाही धड येत नव्हती. आता खरं सांगायचं तर वाक्यच तसलं होतं. भुईवर पडले म्हणे. मलाही— आम्हालाही खोकला आला. बराच वेळ आला.

पण ड्यूकनं काहीतरी करायलाच हवं होतं ना, सगळे बघत होते. संध्याकाळी त्याला किल्ल्यावर पाठवला. आठवडाभरासाठीच. त्यानं एवढंच म्हणायचं होतं, बाबा, चुकलो. दोन शब्द. त्यानं किल्लेदाराकडून निरोप धाडला, की ती लढाई खरंच झाली असं बाबांनी मला तोंडानं सांगावं, मी लगेच माफी मागतो. आता तुम्हीच सांगा, यावर आम्ही काय सांगणार होतो? मग आठवडा झाला, मग ईस्टर आला, मग वाटलं आता आपणहून सोडला तर लोक म्हणतील, ड्यूकची चूक होती. त्यालाही तसंच काहीतरी वाटलं असेल. आमचा हट्ट घेतलाय म्हटलं ना.

थांबा, होतंय माझं. त्याला वाईट वागवलेलं नाही, हे तुम्ही पाहिलं असेलच. गादी इथली, पुस्तकं इथली, आणि शुक्रवारी शिरक्यात मुरवलेली वाम जाते. भांडं नेहमी चाटूनपुसून परत येतं. काल तेवढं भरलेलं आलं. गौदेन्झियो म्हणाला, मासा जरा शिळा असेल. तसा थंडीपासून त्याला खोकला आहे. वैद्य मागे म्हणाला होता, खाली आणा, वरची हवा ओली आहे. मी म्हटलं, आणतो की, त्यानं दोन शब्द म्हणावेत. वैद्य म्हणाला, खोकला शब्दांची वाट बघत नसतो. आगाऊ माणूस. ही खिडकी बघा— इथून त्याचा बुरूज दिसतो. अंधार पडला की तो दिवा लावतो. दिवा दिसला की आम्ही जेवायला बसतो. समोर कुणी नसतं, पण दिवा दिसला की बरं वाटतं, जेवण जातं. काल चांगलाच उजेड होता, सगळी खिडकी पिवळी. म्हटलं, रात्री वाचत बसलाय वाटतं.

आता तुम्हाला खरं सांगतो. पडद्यांचं हे सगळं खूळ शेवटच्या पडद्यासाठी आहे. जन्म, पूल, धुकं, ते तुम्हाला हवं तसं काढा, नाही काढलंत तरी चालेल. शेवटचा मात्र आधी करा. ड्यूक आपल्या मुलाला क्षमा करतो. तो गुडघ्यावर, आमचा हात त्याच्या डोक्यावर. हो, झालेलं नाही, पण त्या चर्चमध्ये टांगलेलं झालंय काय आजवर? माझा बेत असा आहे की पडदा वाळला की गुंडाळून किल्ल्यावर पाठवायचा. त्यानं तो उलगडून बघायचा. म्हणजे शब्द त्यानंही काढायला नकोत आणि मीही. बघेल, हसेल, हसू दे, आणि उतरून येईल खाली. मला तो इथं हवाय. या टेबलाशी, त्या मोडक्या पायाच्या खुर्चीत, ती त्याचीच खुर्ची आहे. म्हणून तर तुम्हाला काल पाठवलं, की त्याचा आत्ताचा चेहरा काढून आणा. चार वर्षांत बदलला असेल, जुन्या तसबिरीवरून काढलात तर म्हणेल, बाबा मला ओळखतसुद्धा नाहीत.

द्या ती गुंडाळी. द्या हो. इतकी घट्ट का धरलीत? आणि वाईनही तशीच ठेवलीत. गौदेन्झियो, खिडकीचा पडदा सार, उजेड येऊ दे.

हं.

हा कोण? हा तर कुणी पोक्त माणूस— नाही. नाक तिचंच आहे. वाळलाय किती. किल्लेदारानं कधी कळवलं नाही. कळवलं असेल, खोकला म्हणाला होता. पण डोळे का मिटलेत? झोपेत काढलंत का याला? अहो, उठवायचं होतंत, मीच पाठवलंय म्हणून सांगायचं होतंत. दुपारचा तो कधी झोपत नाही. आणि हा निळा कोट, हा मी गेल्या नाताळात पाठवला होता, किल्लेदार म्हणायचा, घडीसुद्धा मोडली नाही त्यानं. तो घालून झोपलाय? दाढी कुणी केली? त्याला दाढी होती ना? इतकी नीट दाढी त्यानं जन्मात— आणि हे बोटांत काय आहे? जपमाळ. जपमाळ त्यानं कधी हातात धरली नाही, ती अशी बोटांत गुंफता येत नाही आपली आपल्याला, ती कुणीतरी गुंफून द्यावी लागते.

उशाशी मेणबत्त्या आहेत. आणि इथं, पायाशी.

गौदेन्झियो. इकडे बघ. जमिनीकडे नको, माझ्याकडे. तुला ठाऊक होतं. कधी?

गुरुवारी म्हणतोस. म्हणजे काल मी वाम पाठवली, तेव्हा.

पाठवलीच मी. सकाळी स्वतः चाखून पाठवली, शिरका जास्त झालाय का बघितलं. आणि किल्लेदाराची छाती झाली नाही, तुझी झाली नाही, म्हणून या परक्या माणसाला पुढे केलंत, आणि हा बिचारा आल्यापासून तोंड उघडायला बघतोय आणि मी त्याला पुलाच्या गोष्टी सांगतोय. बरोबर आहे. सांगायला कुणाला आवडेल. तू जा, दार लावून घे. कोण आलं तरी आत सोडू नकोस.

तुम्ही बसा. तुम्ही नका जाऊ. चित्र चांगलं आहे. हुबेहूब आहे, म्हणूनच मला ओळखू आलं नाही. वर किल्लेदार भेटला असेल, तो शेवटपर्यंत त्याच्याजवळ होता का? म्हणजे एकटा नव्हता ना तो? आणि काही बोलला का, माझ्यासाठी, माझं नाव घेऊन, काहीही, शिवी असली तरी चालेल— तेच सांगायला आला होतात ना तुम्ही? मग सांगा.

बोला. मी मध्ये बोलत नाही.