सोबतीला दिलेला नमुना

दवाखान्यात शिंपीणबाई नंबराची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी एक सासू होती. तेवढ्यात तिची सून डॉक्टरीणबाईंच्या खोलीतून बाहेर आली.

“काय गं, काय निघालं माझं?”

“तुमचं सगळं चांगलं आहे, आई.”

“बघ! गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी म्हणे! या वयात लाज सोडायला लावलीस मला. आता तोंड का पाडलंयस? काही निघालं नाही म्हणून?”

“तुम्ही घाबरत होता, म्हणून मीही नमुना दिला होता ना...”

“सोबतीला. मग?”

“पेशींत अगदी बारीक रेणू असतात, मायक्रोआरएनए म्हणतात त्यांना. माझ्यातले काही बदललेत. गाठ नाही, पण कॅन्सरची सुरुवात असू शकते, म्हणाल्या. तुकडा काढून बघायचाय.”

“तुझ्यातले? अगं, तुला तर कसला त्रासच नाही!”

“नाही ना.”

“नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. जा, विचार जा.”

“विचारलं, आई. दोनदा.”

सासू ताडकन उठली आणि शिंपीणबाईंकडे वळली.

“बाई, तुमचा नंबर मला द्या हो. आत जाऊन सांगते त्यांना, ते माझंच आहे म्हणून.”

शिंपीणबाईंनी नंबराची चिठ्ठी तिच्या हातात ठेवली.