टॉवेलाखालची बोटं

"हॅलो?… कोन, योगिता? बोल बाई, पर बिगीनं. हितं म्हशीचा सौदा चाललाय."

सारजाबाईनं फोन कानाला दाबला, नजर मात्र ओसरीवरून हलू दिली नाही. तिथं तिचा लेक धर्मराज आणि परगावचा गुरांचा दलाल, हेडी पंडित, टॉवेलाखाली हात घालून, बोटं दाबून मुकाट्यानंच भाव करत होते.

"रडतीस कावून?… हो, हो, गुपितं कुलपात ठिवायची कॉम्प्युटरची नवी भाषा. ठावं हाय की! तू करतीस म्हून धारूरच्या आख्ख्या बाजाराला सांगितलंय मी… मग?… तुझ्या भाषेतलं कुलूप तुझ्या वर्गातल्या मोहिनीनं उघडलं? बिगर किल्लीचं?… घड्याळ बघून? काय तरी बाई!

हळू सांग… कुलूप एकेक आकडा ताडून बघतंय… पहिलाच चुकला की लगीच 'न्हाई' म्हनतंय… चार बरोबर आले की जरा उशिरानं… आन् त्या उशिरावरनं तिनं वळखलं! अगं, ऐक ना… ऐक तर! ह्यो तर तुझ्या बापाचा रोग हाय!

हसू नको. समोरच बसलाय. भाव लई लांबचा आसला की इंचू डसल्यागत हात काढतोय, जवळ आला की रेंगाळतोय. मग हेडी कशाला बोटं मोजंल? येळावरनंच वळखतोय!… तुझा आजा? छ्या! पटू दे, न पटू दे, पाची बोटं चाचपून झाल्याबिगर हात भाईर न्हाई. दर बारीला तेवढाच वेळ. आन् तोंड दगडाचं.

काय?… पाची बोटं, हो. मदीच सुटका न्हाई… न्हाई न्हाई, प्रोग्राम लिहिनाऱ्याच्या भरवशावर सोडू नको! तुझ्या बापाला वीस वर्सं सांगतीय, शिकला का? भाषेतच घाल तसं. गुपिताला हात लावला की मदीच पळायची वाटच न्हाई… जमंल?… चार वाजता सरांम्होरं दाखवायचंय? मग लाग की कामाला!

म्हशीचं व्हय? हुतंय की. परवा आमची ऊसतोडीची गाडी निघतीय, म्हस आजच गेली पायजे. ह्या हेड्याला त्येचा पत्ता न्हाई, म्हून तर भाव टिकून…"

टॉवेलाखालची हालचाल थांबली. पंडितनं सावकाश हात बाहेर काढला, मांडी बदलली, आणि सुपारी कातरायला घेतली. आता त्याला कसलीच घाई नव्हती. धर्मराज आईकडं बघत राहिला.

"…योगे. आजून एक घाल तुझ्या भाषेत. ज्याला गुपित ठावं, त्याला बोलायलाच येऊ न्हाई… कोन म्हंजी? तुझी आजी! ठिव फोन!"