डेलियाच्या कळ्या

आता चहा घेताय तर ऐका. डेलियाचं मोठं फूल हवं असेल तर बाजूच्या कळ्या खुडाव्या लागतात. मी पेपरात बातमीदार होतो तेव्हाची गोष्ट, गोंदियाच्या घरी एका हिवाळ्यात मी तेच करत होतो. शेजारचे सुखदेवभाऊ कुंपणाला टेकून पाहत होते.

"चांगल्या कळ्या काऊन खुडून राहिले जी?"

"सगळ्या ठेवल्या तर एकही धड फुलत नाही. जोर एकीलाच मिळायला हवा."

"बराबर हाये. मीबी तेच करून राहिलो. दोघायचं शिक्षण जमत नाही. पोराले नागपूरले क्लासले टाकतो, पोरीचं, प्रणालीचं कॉलेज सोमवारपासून बंद."

माझं डोकंच फिरलं. "अहो, वर्गात पहिली येते ती. पेपरात छापीन तुमचं नाव."

"छापा नं. अक्कल तुमच्या बागेतून घेतली, हेबी छापा."

"झाड आणि पोरगी एक असते का?" मी ओरडलो. तेही ओरडले. आमचा आवाज ऐकून प्रणाली सायकल घेऊन त्यांच्या अंगणात आली.

"काका, बाबा, तुमी दोघं माह्यावरून भांडून राहिले. मले कोणी इचारलं काय?"

तिने सायकल फाटकाकडे वळवली.

"आज प्रॅक्टिकल हाये. मी जाऊन राहिली. सोमवारीबी जाईन."

 सुखदेवभाऊंनी वाकून सायकलच्या मागच्या चाकावर अंगठा दाबला.

"हवा कमी हाये," ते म्हणाले आणि पंप आणायला घरात गेले.