काट्यांपलीकडची चिंगी

लसीच्या रांगेत बाळ खांद्यावर झोपलं, तेव्हा पुढच्या दोघींचं बोलणं कानी आलं.

“तुकामावशी, तुमच्या दिरानं मेंढ्यांच्या वाटंवर टाकलेल्या बाभळीच्या काट्या अजून हायेत का?”

“काल निघाल्या, आरफा. भांडण मिटवायला बैठकीला बोलावलं, आला न्हाई. फोनबी उचलंना.”

“मग निघाल्या कशा?”

“त्यानंच बाटलीनं दूध पाजून वाढवलेली चिंगी मेंढी काट्यांपाशी उभी राहून वरडत व्हती. तिचा व्हिडिओ पाठवला.”

“बघितला त्यानं?”

“लगेच! काल सकाळी फोटो आला, वाट मोकळी. खाली लिवलंय, चिंगीला येऊ द्या, तुमी येऊ नका.”

“अगं बाई! मग आता?”

“आता काय! चिंगी पुढं, आमी मागं.”