माणशी सात किलो

बायको : आता कंगवासुद्धा तोलताय?

नवरा : अठ्ठावीस ग्रॅम. दोन कशाला? एकात दोघांचं भागेल.

बायको : तुमचं डोकं बघता एकही जास्तच आहे.

नवरा : बत्तीस वर्षं पार्सल ऑफिसात काट्यावर काढली मी. माणशी सात किलो म्हणजे सात किलो. विमानतळावर बॅग उघडून एकावर एक शर्ट चढवत बसायचं, तसला तमाशा मला नको.

बायको : तुमचं किती झालं?

नवरा : सहा किलो नऊशे चाळीस. लेकीकडच्या उन्हाला तीन सुती शर्ट, बनियन, टोपी. तुझ्या बहिणीकडच्या पावसाला रेनकोट, रबरी चपला. शिवाय दाढीचं सामान, चारशे.

बायको : ते कशाला ओझं? जावयाचं आहे की तिथे.

नवरा : दुसऱ्याचा ब्रश मी तोंडाला लावत नाही.

बायको : बरं. आणि तिसरा मुक्काम? दादांकडच्या थंडीचं काय घेतलंत?

नवरा : बघू. तिकडे घेऊ काहीतरी.

बायको : तिकडे बर्फ आहे. सरका जरा. (बॅग पलंगावर उपडी करते.) स्वेटर नाही, कानटोपी नाही, लोकरी मोजे नाहीत. बनियन मात्र सहा.

नवरा : वजनात बसत नाही गं.

बायको : वजनाचं मला सांगू नका. तुम्ही माझ्या बहिणीकडूनच परत फिरणार आहात.

नवरा : तू जा की पुढे. वहिनीला तू हवीच आहेस. मी घरी येऊन झाडांना पाणी घालीन.

बायको : नऊ वर्षं सख्ख्या भावाचं तोंड बघितलं नाहीत, आणि झाडांची काळजी.

नवरा : आई गेली तेव्हा तो माझ्यासाठी थांबला नाही.

बायको : कसे थांबणार? बर्फ पडत होता, संध्याकाळी रस्ता बंद व्हायचा होता. न्यायला चार माणसं कशीबशी जमली होती.

नवरा : ठाऊक आहे मला.

बायको : कधीपासून?

नवरा : पहिल्याच वर्षी वहिनीचं पत्र आलं होतं. पण तोवर मी सगळ्या नात्यागोत्यात सांगून मोकळा झालो होतो, दादानं मला आईचं तोंड बघू दिलं नाही म्हणून. त्याच्या कानावर गेलंच ते. त्यानं उलटून एक शब्द काढला नाही. लाज वाटते गं. कसा बसू मी त्याच्यासमोर?

बायको : स्वेटर घालून.

नवरा : थट्टा नको.

बायको : थट्टा नाही करत. त्यांना अठ्ठ्याहत्तरावं लागलंय. आत्ता नाही गेलात, तर पुढच्या वेळी कशासाठी जावं लागेल ते मी बोलून दाखवत नाही.

नवरा : ...कुठाय तो स्वेटर?

बायको : हा घ्या. ठेवा काट्यावर.

नवरा : पाचशे सत्तर. कानटोपी, मोजे धरून सातशे. चार बनियन काढ, तीनशे वीस गेले.

बायको : काढले. अजून बसत नाही.

नवरा : दाढीचं सामान काढ.

बायको : मग जावयाचा ब्रश चालेल?

नवरा : छे. तोवर वाढू दे दाढी. दादाकडे पोचलो की त्याच्याच ब्रशनं करीन.